कानाचं शिकणं, डोळ्याची साक्ष

मृदंगाच्या कातड्यावर बारीक वाळू भुरभुरून थापेगणिक ती कुठे साचते हे पाहायचं, असा चंद्रशेखर वेंकट रामन यांचा प्रयोग होता. त्याची सुरुवात कोलकात्यात झाली. शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी १९२० मध्ये 'नेचर'मध्ये त्यावर पहिलं टिपण लिहिलं. १९३३ मध्ये ते भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक म्हणून बेंगळुरूला आले, पुढच्याच वर्षी त्यांनी भारतीय विज्ञान अकादमी स्थापन केली आणि भारतीय तालवाद्यांवरचा त्यांचा सविस्तर निबंध तिच्याच नियतकालिकात आला. साध्या ढोलाच्या कातड्यातून निघणारे उपस्वर एकमेकांशी जुळत नाहीत. मृदंगाच्या किंवा तबल्याच्या पुडीवर शाईचे थर चढवले की ते जुळू लागतात आणि कातड्याच्या कंपनाचे नऊ प्रकार पाच सुसंवादी स्वरांत गोळा होतात. शाई भरणाऱ्या अनाम कारागिरांनी पिढ्यान्‌पिढ्या नुसत्या कानानं जे साधलं होतं, त्याचं गणित रामन यांनी मांडलं.

हेच रामन आयुष्याच्या शेवटच्या दशकात डोळ्याकडे वळले. दृष्टीच्या शरीरक्रियेवरचं त्यांचं पुस्तक १९६८ मध्ये बेंगळुरूतूनच प्रसिद्ध झालं आणि १९७० मध्ये याच शहरात त्यांचं निधन झालं. कान आणि डोळा असे दोन्ही विषय त्यांनी हाताळले, पण वेगवेगळे. कानानं काही शिकलं की त्याची खूण डोळ्यात उमटते, आणि ती मिलिमीटरच्या भागांत मोजता येते, ही गोष्ट प्रयोगशाळांत पक्की व्हायला त्यानंतर बराच काळ जावा लागला. आज ती पक्की झाली आहे. तिचा उपयोग कोणासाठी करायचा आणि कोणावर करायचा नाही, हे ठरवण्याची वेळही आली आहे. बेंगळुरूचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास या दोन्ही प्रश्नांना उत्तर देतो, म्हणून तो इथे मांडावासा वाटतो.

आपल्याकडे नादाची मोजणी नवी नाही. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरचं पुस्तक लिहिलं, ते तारांची लांबी आणि कंपनं मोजूनच. गणेश हरी रानडे यांनी सांगलीत हिंदुस्थानी संगीताचं भौतिकशास्त्र आणि सौंदर्यशास्त्र यांची सांगड घालण्याचा प्रयत्न केला. पण देवल काय, रानडे काय किंवा रामन काय, या सगळ्यांनी मोजला तो स्वर किंवा ते वाद्य. ऐकणारा माणूस मोजपट्टीच्या बाहेरच राहिला. बेंगळुरूच्या चामराजपेठेत १९३९ पासून रामनवमीचा संगीतोत्सव भरतो. तिथे श्रोते मांडीवर हात ठेवून आदितालाच्या आठ मात्रा मोजत बसतात. त्यांच्या आत चाललेलं मोजणं त्या हातातून थोडंफार बाहेर दिसतं. हात न हलवणाऱ्याच्या आत काय चाललं आहे, हे कळायला मार्ग नव्हता.

ऐकणाऱ्याच्या मनाचा शास्त्रीय विचार करणारा माणूस मात्र म्हैसूर संस्थानात होता. म्हैसूर विद्यापीठात १९२४ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि त्याची उभारणी एम. व्ही. गोपालस्वामी यांनी केली. लंडनला स्पिअरमन यांच्या हाताखाली शिकून आलेल्या या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये आपल्या घरातून एक छोटं नभोवाणी केंद्र चालू केलं आणि त्याला 'आकाशवाणी' असं नाव दिलं. पुढे ते साऱ्या देशाच्या नभोवाणीचं नाव झालं. मानसशास्त्राचा प्राध्यापक आणि नभोवाणीचा प्रवर्तक एकच असावा हा मला केवळ योगायोग वाटत नाही. न दिसणाऱ्या श्रोत्यापर्यंत आवाज पोचवला की त्याच्या आत काय घडतं, हे कुतूहल या दोन्ही कामांच्या मुळाशी असतं. त्या कुतूहलाला पुरेल असं साधन मात्र त्यांच्या हयातीत त्यांच्या हाती नव्हतं.

ते साधन डोळ्याच्या बाहुलीत होतं. सुश्रुतसंहितेत बाहुलीचं माप मसुराच्या डाळीएवढं सांगितलं आहे, म्हणजे तिच्या आकाराकडे आपल्या वैद्यांचं लक्ष फार पूर्वीच गेलं होतं. युरोपात फेलिचे फोंताना यांनी १७६५ मध्ये नोंदवलं की बाहुली केवळ उजेडानं लहानमोठी होत नाही. झोपेत ती आकुंचते आणि भीतीनं विस्फारते. १८७५ मध्ये मोरिट्झ शिफ यांनी बाहुलीकडे संवेदना मोजण्याचं उपकरण म्हणून पाहावं असं सुचवलं. पण बाहुली अचूक टिपणारे कॅमेरे आणि मोजणीची तंत्रं यायला अजून अवकाश होता, आणि हा धागा बराच काळ तसाच लोंबकळत राहिला.

१९६० मध्ये शिकागोच्या एकहार्ड हेस यांनी तो पुन्हा उचलला. प्राण्यांच्या सुंदर छायाचित्रांचं पुस्तक रात्री चाळताना त्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या त्यांच्या पत्नीला दिसल्या, आणि खोलीतला उजेड तर बदललेला नव्हता. तिथून त्यांनी प्रयोग सुरू केले. आवडीचं पाहिलं की बाहुली मोठी होते आणि नावडतं पाहिलं की लहान, असा त्यांचा दावा होता. त्याचा दुसरा अर्धा भाग पुढे टिकला नाही. अप्रिय गोष्टीनंही बाहुली विस्फारतेच. तोवर जाहिरातदार मात्र या तंत्राच्या मागे लागले होते. शास्त्र कच्चं असताना बाजार पक्का होतो, त्याचा हा जुना दाखला आहे.

पाया घातला तो १९६६ मध्ये डॅनिएल काहनेमन आणि जॅक्सन बीटी यांनी. त्यांचा प्रयोग ऐकण्याचाच होता. माणसाला सेकंदाला एक अशा गतीनं आकडे ऐकवायचे आणि मग ते परत म्हणायला लावायचे. प्रत्येक आकड्यासरशी बाहुली थोडी मोठी होत गेली, सगळे आकडे ऐकून झाल्यावरच्या क्षणभराच्या विरामात ती सर्वांत मोठी झाली, आणि एकेक आकडा सांगून टाकताना पुन्हा लहान होत गेली. स्मरणावरचं ओझं चढताना आणि उतरताना डोळ्यात दिसलं. उजेडानं बाहुली साधारण दोन ते आठ मिलिमीटरच्या मध्ये हलते. मनाच्या श्रमानं ती हलते बहुधा अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी. आरशात ते कळणार नाही. अवरक्त प्रकाशात सेकंदाला शेकडो वेळा टिपणाऱ्या कॅमेऱ्याला कळतं.

यामागची यंत्रणाही आता बरीच उलगडली आहे. मेंदूच्या देठात लोकस सेरुलिअस नावाचा पेशींचा एक इवलासा पुंजका आहे. तो नॉरअॅड्रेनलीन हे रसायन मेंदूभर पाठवतो. काही अनपेक्षित घडलं की हा पुंजका उसळतो. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरच्या अभ्यासात या पेशींची हालचाल आणि बाहुलीचा आकार यांचा संबंध थेट नोंदवला गेला. मात्र बाहुलीवर याच एका पुंजक्याची सत्ता नाही, इतर केंद्रांचाही हात असतो. ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे, पुढे तिचं काम पडेल.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आवाजातला क्रम माणूस शिकतो कसा? १९९६ मध्ये जेनी सॅफ्रन, रिचर्ड अॅस्लिन आणि एलिसा न्यूपोर्ट यांनी आठ महिन्यांच्या बाळांना यंत्रावर तयार केलेली अर्थहीन अक्षरांची अखंड माळ ऐकवली. तिच्यात कुठेही विराम नव्हता, कुठेही आघात नव्हता. तीन-तीन अक्षरांचे चार बनावट शब्द फक्त उलटसुलट क्रमानं येत होते. दोन मिनिटं ऐकून बाळांना त्या शब्दांच्या कडा कळल्या. कोणत्या अक्षरानंतर कोणतं अक्षर हमखास येतं आणि कुठे काहीही येऊ शकतं, एवढ्याच हिशेबावर हे झालं. मराठी घरातलं बाळ 'पा'नंतर 'णी' आणि 'दू'नंतर 'ध' वारंवार ऐकतं आणि कोणी न शिकवता 'पाणी' नि 'दूध' वेगळे काढतं, ते याच रीतीनं. संशोधकांना हे कळलं कसं? बाळ कोणत्या आवाजाकडे किती वेळ वळून ऐकतं ते मोजून. पद्धत हुशारीची होती, पण ढोबळ. शिकणं झालं की नाही एवढंच तिच्यातून समजे. ते कोणत्या क्षणी घडलं हे सापडत नसे.

बाहुली तो क्षण दाखवते. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात मारिया चेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग मला या विषयातला सर्वांत बोलका वाटतो. सेकंदाला वीस अशा वेगानं छोटे-छोटे स्वर ऐकवायचे. काही वेळा ते ठरावीक क्रमानं फिरत राहतात, काही वेळा वाटेल तसे येतात. मध्येच क्रमाचं अक्रमात किंवा अक्रमाचं क्रमात रूपांतर होतं. ऐकणाऱ्याला याची कल्पना दिलेली नसते, त्याला दुसऱ्याच कामाला लावलेलं असतं. रचलेला क्रम मोडला की बाहुली झटकन विस्फारते. अक्रमातून क्रम उभा राहतो तेव्हा मात्र ती तशी उसळत नाही, जरी मेंदूला तो बदल कळत असल्याचं इतर प्रयोगांतून ठाऊक होतं. त्याच गटानं २०२१ मध्ये पुढची गोष्ट दाखवली. क्रमबद्ध स्वर चालू असताना बाहुली एकूणच लहान राहते, अक्रम चालू असताना मोठी. म्हणजे क्रम हाताला लागला की शरीर सैलावतं आणि तो मोडला की सावध होतं.

यातलं तर्कशास्त्र नीट पाहायला हवं. क्रम मोडल्याचं कळायला तो आधी शिकलेला असावा लागतो. त्यामुळे मोडण्यावर बाहुली किती विस्फारते आणि ते विस्फारणं किती आवर्तनांनंतर दिसू लागतं, हे शिकण्याचंच माप होतं. यात ऐकणाऱ्याला काही विचारावं लागत नाही. त्यानं बटण दाबायला नको, उत्तर द्यायला नको, आपण काही शिकलो हे त्याला कळायलासुद्धा नको.

आपल्या संगीताच्या श्रोत्याला हे सारं ओळखीचं वाटेल. तिहाई तीनदा फिरून समेवर येते तेव्हा श्रोता ती आधीच पोचवून बसलेला असतो. गायक मुद्दाम अर्धी मात्रा अलीकडे उतरला की सभागृहात हलका हुंकार उठतो. नेदरलंड्समधल्या अत्सेर दाम्स्मा आणि हेडरिक फान रैन यांनी २०१७ मध्ये दाखवलं की ढोलाच्या ठेक्यातला महत्त्वाचा ठोका गाळला तर बाहुली अधिक विस्फारते, कमी महत्त्वाचा गाळला तर कमी, आणि हे श्रोत्याचं लक्ष तिकडे नसतानाही घडतं. पण तो ठेका पाश्चात्त्य होता, चार-चार ठोक्यांचा. सोळा मात्रांच्या त्रितालात खाली, म्हणजे टाळी नसलेली मात्रा, येते तेव्हा ऐकणाऱ्याची बाहुली काय करते? रूपकात तर समेवरच खाली असते, तिथे काय होईल? मृदंगाच्या नादात वाढलेलं बेंगळुरूतलं मूल आणि तबला ऐकत वाढलेलं मिरजेतलं मूल एकमेकांचे ताल किती वेळात शिकतील? हे प्रश्न विचारायला बेंगळुरूइतकी योग्य जागा जगात सापडणं कठीण.

यासाठी लागणारं बरंचसं इथे आहे. भारतीय विज्ञान संस्थेत २००९ पासून मेंदूविज्ञानाचं स्वतंत्र केंद्र आहे. तिथल्या विद्युत अभियांत्रिकी विभागात श्रीराम गणपती यांची प्रयोगशाळा नादातले आकृतिबंध हाच विषय घेऊन बसली आहे. तिथल्या संशोधकांनी भारतीय श्रोत्यांना अनोळखी जपानी शब्द ऐकवून ते शिकताना मेंदूतल्या विद्युतलहरी कशा बदलतात याचा अभ्यास केला आहे. आणि प्रयोगशाळेच्या बाहेर सबंध शहर आहे. शहाजीराजांना बेंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून मराठी इथे कानावर पडते आहे. भावसार घरांतली मुलं आजही घरी आपल्या वळणाची मराठी, रस्त्यावर कन्नड आणि तमिळ, आणि शाळेत इंग्रजी ऐकतात. एकाच कानाला चार क्रम शिकावे लागतात तेव्हा तो ते कसे वेगळे ठेवतो, हे एकभाषी शहरातल्या बाळांवरच्या प्रयोगातून कळणार नाही. १९८४ मध्ये जमशेद भरूचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदुस्थानी रागांतल्या स्वरांची श्रेणी श्रोत्यांच्या मनात कशी बसते हे तपासलं होतं. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. आपल्या नादावरचं असं काम अजूनही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं आहे.

मला यात सर्वांत मोलाचा वाटतो तो न बोलू शकणाऱ्यांचा फायदा. ऐकू न येणारं बाळ पहिल्या महिन्यात हेरावं, तिसऱ्या महिन्यापर्यंत निदान व्हावं आणि सहाव्यापर्यंत उपचार सुरू व्हावेत, असा जगभरचा दंडक आहे. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था १९६५ पासून आणि मुंबईची अली यावर जंग संस्था १९८३ पासून श्रवणदोषांवर काम करत आहेत. आजच्या चाचण्या सांगतात की आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचला. पोचलेल्या आवाजातून बाळ काही शिकतं आहे का, हे कळायला आईबापांना महिनोन्‌महिने वाट पाहावी लागते. कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलाचे आईवडील डॉक्टरांना हाच एक प्रश्न विचारत असतात: ह्याला आमचं बोलणं लागतंय का? ऐकताना किती कष्ट पडतात हे बाहुलीवरून मोजण्याचं काम आड्रिआना झेकफेल्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० पासून पुढे नेलं आहे. शब्द बरोबर ओळखणाऱ्या दोघांपैकी एकाला ते सहज जमलेलं असतं आणि दुसरा त्यात दमून गेलेला असतो. गुणपत्रिकेत दोघं सारखेच दिसतात. शाळेत मागच्या बाकावर बसून दुपारपर्यंत थकणाऱ्या, आणि मग 'लक्ष देत नाही' असा शेरा मिळवणाऱ्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे.

इथवर वाचून कोणालाही वाटेल, मग उशीर कशाला? लावा कॅमेरे, मोजा बाहुल्या. म्हणूनच याच शहराच्या इतिहासातलं दुसरं पान उघडायला हवं.

या शतकाच्या पहिल्या दशकात बेंगळुरूची न्यायवैद्यक प्रयोगशाळा नार्को, म्हणजे गुंगीचं औषध देऊन जबाब घेण्याच्या, चाचण्यांसाठी देशभर गाजली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांचे पोलीस आरोपींना तिथे नेत. मुद्रांक घोटाळ्यातल्या प्रमुख आरोपीच्या चाचणीची चित्रफीत तर घराघरांतल्या दूरचित्रवाणीवर दिसली. याच काळात 'ब्रेन मॅपिंग'ची एक नवी तऱ्हा पुढे आली. ती विकसित केली होती बेंगळुरूच्या निम्हान्स या मनोआरोग्य आणि मेंदूविज्ञान संस्थेत चिकित्सा-मानसशास्त्राचे प्रमुख राहिलेल्या सी. आर. मुकुंदन यांनी. तिची रीत अशी: आरोपीच्या डोक्यावर विद्युतअग्रं लावायची, त्याला गप्प बसायला सांगायचं आणि गुन्ह्याचं वर्णन करणारी वाक्यं ऐकवायची. वाक्य ऐकून मेंदूत अमुक लहरी उठल्या तर ती गोष्ट त्यानं स्वतः अनुभवली आहे असं समजायचं. म्हणजे पुन्हा ऐकणं, पुन्हा शरीराचा न बोललेला प्रतिसाद. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खुनाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना अशा चाचणीचा आधार घेतला आणि जगभरच्या मेंदूशास्त्रज्ञांना धक्का बसला. त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीनं हे तंत्र शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, ते पुरावा म्हणून वापरू नये, असा निर्वाळा दिला. ज्या संस्थेच्या माजी प्राध्यापकानं ते घडवलं, त्याच संस्थेनं हे बजावलं याचं श्रेय तिला द्यायला हवं.

५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं 'सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य' या खटल्यात निकाल दिला. संमतीशिवाय केलेली नार्को, खोटं पकडण्याची किंवा मेंदूची चाचणी राज्यघटनेच्या २० (३) आणि २१ या अनुच्छेदांचा भंग करते, असं सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या खंडपीठानं ठरवलं. जिभेनं बोलायला भाग पाडणं आणि शरीराकडून बोलवून घेणं यांत न्यायालयानं भेद केला नाही. माझ्या मते भारतीय विज्ञानाच्या इतिहासातही या निकालाला मानाची जागा आहे.

बाहुलीची पद्धत त्या चाचणीपेक्षा शास्त्र म्हणून कितीतरी भक्कम आहे. पण तिच्याकडून काय मागायचं याला मर्यादा आहे. खिडकीवरून ढग सरकला तरी बाहुली बदलते. वय वाढतं तशी ती लहान होते. काही औषधांनी, भीतीनं आणि हिशेबानं ती सारखीच विस्फारते. कशानं विस्फारली हे ती सांगत नाही. वर म्हटलं तसं तिच्यावर मेंदूतल्या एकापेक्षा जास्त केंद्रांचा ताबा आहे. म्हणून प्रयोगात एकच गोष्ट अनेक वेळा ऐकवून सरासरी काढतात आणि बहुतेक निष्कर्ष लोकांच्या गटाबद्दल असतात. गटाबद्दल खरी ठरलेली गोष्ट समोर बसलेल्या एका मुलाबद्दल त्या क्षणी खरी असेलच असं नाही. एका मुलाबद्दल ती खरी ठरवायची तर त्या मुलासाठी फार काळजीपूर्वक, पुन्हा पुन्हा मोजावं लागेल, आणि ते काम श्रवणतज्ज्ञाच्या खोलीत, आईबापांच्या संमतीनं व्हायला हवं.

धोका अगदी जवळ आहे. डोळे टिपणारे कॅमेरे आता महागड्या प्रयोगशाळेत अडकलेले नाहीत, ते डोक्यावर चढवायच्या यंत्रांत आले आहेत. ऑनलाइन परीक्षांत विद्यार्थ्याच्या नजरेवर पाळत ठेवणाऱ्या प्रणाली करोनाच्या काळात रुळल्या. शिकवणी विकणाऱ्या कंपन्यांची राजधानी बेंगळुरूच आहे. 'तुमच्या मुलाचं लक्ष किती टक्के होतं' हे दर आठवड्याला पालकांच्या मोबाइलवर पाठवणारी सेवा उद्या निघाली तर तिला गिऱ्हाइकांची वाण पडणार नाही, आणि त्या टक्क्याला हेस यांच्या मागे लागलेल्या जाहिरातदारांच्या दाव्यांइतकाच आधार असेल. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. पण शाळेनं पुढे केलेल्या छापील अर्जावर सही न करणारे पालक कितीसे असतात?

म्हणून दोन मागण्या आहेत. पहिली, केंद्र सरकारनं म्हैसूर, मुंबई आणि बेंगळुरूच्या संस्थांना एकत्र बसवून आपल्या भाषांवर आणि तालांवर बेतलेली बाळांची श्रवण-शिक्षण चाचणी घडवावी, आणि तिला दहा वर्षांचा पैसा द्यावा. तीन वर्षांच्या प्रकल्पात हे काम होत नाही, कारण ज्या बाळांना तपासायचं ती मोठी होऊन वाचू लागेपर्यंत त्यांच्याबरोबर राहावं लागतं. दुसरी, कर्नाटक आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांच्या शिक्षण खात्यांनी आजच लेखी नियम करावा की कोणत्याही शाळेत, शिकवणीत किंवा परीक्षेत मुलाच्या डोळ्याची अशी नोंद घेतली जाणार नाही आणि तिचा आकडा त्याच्या प्रगतिपुस्तकात जाणार नाही. नार्कोच्या बाबतीत न्यायालयाचा निकाल यायला दशक गेलं, आणि तोवर कित्येक माणसं चाचणीच्या टेबलावर झोपवली गेली होती. या वेळी नियम आधी यायला हवा.